घरात डार्करूम करतोय: अंधार जमला, पाणी जमेना

उलटा_फोटो
३ मे, रात्री ११:५२

मंडळी, अडलोय.

नेरुळला राहतो, सिडकोची जुनी इमारत, दुसरा मजला. घरातलं मधलं बाथरूम रात्री दहानंतर माझं, असा तह झालाय. (आईची सही बाकी आहे.) खिडकी एकच, डक्टमध्ये उघडणारी. तिला काळा पुठ्ठा, त्यावर काळी चिकटपट्टी. दाराखालच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी. कमोडवर प्लायची फळी आणि फळीवर एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं करून पाडणारं यंत्र. हा एन्लार्जर डोंबिवलीच्या एका बंद झालेल्या स्टुडिओतून उचलला, ठाण्याला गाडी बदलून मालडब्यातून आणला. डब्यातल्या दोघांनी शिलाई मशीन समजून भाव विचारला.

काल पहिला रोल धुतला. एचपी५ ही कृष्णधवल फिल्म, डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं औषध), पाकिटावर दिल्याप्रमाणे साडेसात मिनिटं. निगेटिव्ह इतकी काळी आली की दिव्यासमोर धरली तरी आरपार दिसेना. शिवाय तीन-चार ठिकाणी दुधाळ डाग आहेत, तिथे चित्रच नाही. दोन ठिकाणी चंद्रकोरीसारख्या काळ्या खुणा.

टाकीचं पाणी मोजलं तर ३३ अंश. डेव्हलपर ३१. फ्रीजमधलं पाणी घालून बघितलं, पण एक बाटली थंड होईस्तोवर दुसरी गरम.

ठाणे-नवी मुंबईत घरी रोल धुणारं कुणी आहे का अजून? की मी एकटाच वेडा?

----

कोपरीकर
४ मे, सकाळी ७:१०

अंधार हवा असेल तर शुक्रवारी आमच्याकडे या. सकाळी दहा ते दुपारी चार फुकट मिळतो, पूर्ण बिल्डिंगला.

----

जुना_हायपो
४ मे, दुपारी २:३५

एकटे नाही. मी नौपाड्यात १९७४ पासून बावीस वर्षं स्टुडिओत काम केलं, त्यातली निम्मी जिन्याखालच्या डार्करूममध्ये. आता हात थरथरतो, पण तोंड चालू आहे.

रोल काळा झाला तो उकाड्याने. पाकिटावरची साडेसात मिनिटं २० अंशांची. ३१ अंशांना तेवढाच वेळ दिलात म्हणजे भाताची पेज झाली. साधारण हिशोब असा की एक अंश वाढला की वेळ दहा टक्क्यांनी कमी करायचा, मग उरलेल्यातून परत दहा टक्के, असं उतरत जायचं. २४ अंशांना पाच मिनिटांच्या आसपास येता. पाच मिनिटांखाली जाऊ नये, कारण फिल्मची टाकी (ज्या बंद डब्यात फिल्म धुतात तो) भरायला आणि रिकामी करायला जो वेळ लागतो त्याचेच पट्टे फिल्मवर उमटतात.

तर मग करायचं काय? डेव्हलपर पातळ करायचा. एक भाग डेव्हलपर, तीन भाग पाणी. २० अंशांना त्याला वीस मिनिटं लागतात, २७ ला साडेनऊ-दहा. म्हणजे पाणी गरम असूनही हातात वेळ राहतो. वापरलेला पातळ डेव्हलपर ओतून द्यायचा, परत बाटलीत भरायचा नाही. पाण्याला ३३ वरून २० वर आणण्याची झटापट करू नका, २६-२७ वर आणा आणि सगळं तिथेच ठेवा. सगळं म्हणजे डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं), फिक्सर (चित्र पक्कं करणारं, म्हणजे हायपो) आणि धुण्याचं पाणीसुद्धा. आमच्या वेळच्या फिल्मचं जिलेटिन मऊ असायचं. थंड डेव्हलपरमधून काढून गरम पाण्यात घातली की सगळ्या चित्रावर जाळी पडायची, भाजलेल्या पापडासारखी. एका मुंजीचा अख्खा रोल मी तसा घालवलाय. बटूची आई आली होती घ्यायला. पुढचं लिहीत नाही.

मे महिन्यात मासळी बाजारातून बर्फाची लादी यायची, गोणपाटात गुंडाळलेली, भुसा लागलेली. ती फोडून जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरायची आणि घमेल्यातल्या पाण्यात ठेवायची. बाटल्या त्या घमेल्यात. बर्फ डेव्हलपरमध्ये थेट टाकायचा नाही, वितळला की औषध पातळ. पिशवी फुटली तर औषधाला बोंबलाचा वास, तो वेगळाच.

डागांचं कारण माझ्या डोळ्यांसमोर आहे, पण ते सांगायला आणखी कुणीतरी असेलच इथे.

----

कळव्याची_पोर
४ मे, रात्री ९:०२

मी आहे 🙂 आमच्या अण्णांचा कळव्यात छोटा स्टुडिओ होता.

@उलटा_फोटो, तुझी फिल्म स्पायरलमध्ये (टाकीतलं चक्र, ज्यात फिल्म गुंडाळून भरतात) चिकटली. दुधाळ डाग म्हणजे तिथे फिल्मचा एक वेढा दुसऱ्याला टेकला, औषध आत शिरलंच नाही. चंद्रकोरी म्हणजे भरताना फिल्म नखाने किंवा बोटाने मुडपली. मला सांग, रोल त्याच बाथरूममध्ये भरलास ना? आणि त्याआधी कुणीतरी आंघोळ केली होती?

----

उलटा_फोटो
४ मे, रात्री ९:२०

बायकोने. दहा मिनिटं आधी. तुम्ही ज्योतिष बघता का?

----

कळव्याची_पोर
४ मे, रात्री ९:४४

आपल्या हवेत प्लास्टिकचं स्पायरल जरासं जरी दमट असलं तरी फिल्म अर्ध्यात अडते. मग आपण जोर लावतो, घाम येतो, घाम फिल्मला लागतो, ती आणखी अडते. काळ्या पिशवीत हात घालून भरलास तरी तेच, पाच मिनिटांत पिशवीच्या आत पावसाळा. एसी असलेल्या खोलीत भर. स्पायरल आधी हेअर ड्रायरने कोरडं कर आणि गार होऊ दे. फिल्मचं टोक कापताना दोन्ही कोपरे किंचित गोल काप. आणि एखादा बिघडलेला रोल हाताशी ठेव, उजेडात पन्नास वेळा भर, मग डोळे मिटून पन्नास वेळा. अण्णांनी मला असंच शिकवलं, मी सातवीत होते. मैत्रिणी लगोरी खेळायच्या, मी डोळे मिटून ओट्यावर स्पायरल फिरवायची.

----

वाशी_पाम
५ मे, सकाळी ११:१५

एक बाळबोध प्रश्न. फोटोचा कागद धुताना लाल दिवा चालतो आणि रोल धुताना चालत नाही, असं का? चित्रपटात तर कायम लाल दिवाच दाखवतात.

----

परीक्षानळी
५ मे, दुपारी ४:०५

शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही.

सिल्व्हर ब्रोमाइड मुळात निळ्या-जांभळ्या उजेडालाच जागं होतं. कृष्णधवल कागदाला तेवढंच पुरतं (फार तर थोडा हिरवा), लाल त्याला दिसतच नाही, म्हणून लाल दिव्यात निवांत काम करता येतं. रोलमध्ये मात्र अशी रंगद्रव्यं मिसळलेली असतात की सगळे रंग टिपले जावेत, नाहीतर लाल लुगडं नेसलेली बाई फोटोत काळ्या लुगड्यात दिसेल. मग लाल दिवाही त्याला उजेडच. रोल मिट्ट काळोखातच भरायचा. एकदा टाकीचं झाकण लागलं की बाकी सगळं भर दुपारी गॅलरीत करा.

डेव्हलपर उजेड पडलेल्या कणांची चांदी करतो. उरलेले कण तसेच ठेवले तर ते नंतर काळे पडणार. ते धुऊन काढायचं काम हायपोचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे जॉन हर्शेलने १८१९ मध्येच नोंदवलं होतं, म्हणजे फोटोग्राफी जगासमोर आली त्याच्या वीस वर्षं आधी. औषध आधी तयार, रोग नंतर.

डी-७६ घरी बनवणार असाल तर एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. १९२७ पासूनचं सूत्र आहे, प्रिन्सेस स्ट्रीटवर सगळं मिळतं. क्रम पाळा. सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल नीट विरघळत नाही, म्हणून चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकीचं सल्फाइट. आणि हातमोजे घाला, मेटॉलची ॲलर्जी काही जणांना फार वाईट होते.

----

जुना_हायपो
५ मे, सायंकाळी ६:३०

मोजे तेव्हा कुठले. आमच्या मालकांची बोटं कोपरापासून नव्हे, पण पेरापर्यंत तपकिरी. लग्नाच्या पंगतीत लोक त्यांच्या हाताकडे बघून पान सरकवायचे. माझ्या उजव्या तर्जनीला अजून फोड येतो.

----

तलावपाळी_फेरी
५ मे, रात्री १०:४८

धागा रंगलाय म्हणून थोडं इतिहासाचं पाणी घालतो.

कॅमेरा या शब्दाचा लॅटिनमधला अर्थच मुळी खोली. कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे अंधारी खोली. आधी खोली होती, तिच्या भिंतीला भोक होतं, समोरच्या भिंतीवर बाहेरचं जग उलटं पडायचं. पेटी नंतर झाली. घंटाळीला आमच्या जुन्या घरी दुपारी दारं लावली की खिडकीच्या झडपेतल्या गाठीच्या भोकातून रस्ता छतावर उलटा चालायचा. रिक्षा डोकं खाली करून जायच्या. आजी म्हणायची, बघत बसू नको, चक्कर येईल.

आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी होते, भाऊ दाजी लाडांचे बंधू. तो ओल्या काचेचा जमाना. काचेला कलोडियन नावाचं चिकट द्रव लावायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ती ओली आहे तोवरच, दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुऊनही टाकायची. म्हणजे डार्करूम तंबूच्या रूपात बरोबर न्यायची. मेमधल्या तंबूत काच किती वेळ ओली राहत असेल हा विचार केला की उलटा_फोटोंचं बाथरूम महाल वाटायला लागतं.

आणि घरच्या डार्करूमचा विषय आहे तर दादरच्या फाळक्यांच्या घराला विसरू नका. कच्ची फिल्म विलायतेहून कडेला भोकं नसलेली यायची. ती भोकं अंधारात बसून पाडायच्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्म धुण्याची औषधं कालवणं हेही त्यांच्याकडे. शिवाय घरातल्या मुलांचं आणि चित्रपटाच्या माणसांचं जेवणखाण.

----

खाडीपूल
६ मे, सकाळी ८:३०

एवढा उपद्व्याप कशासाठी? रोल धुवा आणि निगेटिव्हचा मोबाइलने फोटो काढून काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करा. कागद, एन्लार्जर, ट्रे, बाथरूमवरून भांडण, सगळं वाचेल. मी तेच करतो.

----

उलटा_फोटो
६ मे, सकाळी ९:०५

@खाडीपूल, रोजचे नऊ तास पडद्याकडेच बघतो हो. परत फोटोही पडद्यावरच बघायचा?

----

जुना_हायपो
६ मे, दुपारी १:२०

खाडीपूल यांचं चूक नाही. पण ट्रेमध्ये कोरा कागद सोडून तो हलवत असताना पंधराव्या सेकंदाला भुवया उमटतात, मग केस, मग डोळे. चेहऱ्याची कातडी सगळ्यात शेवटी. हे मी हजारो वेळा बघितलं असेल. रोजगाराचं काम होतं, कंटाळाही यायचा. तरी त्या पंधराव्या सेकंदाला मी ट्रेवर वाकायचोच.

दहावी-बारावीच्या फॉर्मचे दिवस आले की तलावपाळीपर्यंत रांग. 'अर्ध्या तासात तीन कॉपी' अशी पाटी होती. अर्ध्या तासात निगेटिव्ह वाळत नाही. मग काय करायचो? ओलीच एन्लार्जरमध्ये घालायचो. दिव्याच्या उष्णतेने ती तिथेच वाळायला लागायची, फुगायची, फोकस सुटायचा. म्हणून हात चपळ हवा. आणि सेकंद मोजायला घड्याळ नाही, पाढे. मालकांचा एकोणीसचा पाढा म्हणजे बरोबर बारा सेकंद. माझा पंधरा व्हायचा, कारण एकोणीस सत्ते मला अडायचं. माझे फोटो त्यामुळे नेहमी काळपट.

----

कोपरीकर
६ मे, दुपारी १:४१

एकोणीस सत्ते एकशे तेहतीस. १९८० सालच्या ठाण्यातली निम्मी मुलं सावळी का दिसतात ते आज कळलं.

----

कळव्याची_पोर
६ मे, रात्री ८:५५

काका 😀

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर. अण्णा आदल्या रात्री प्रिंट काढून ठेवायचे, त्या बादलीत पडून राहायच्या. पाणी आलं की मागच्या अंगणातल्या दगडी डोणीत सोडायच्या. माझं काम त्या सारख्या वरखाली करत राहण्याचं, कारण दोन फोटो एकमेकांना चिकटले तर मधला हायपो निघत नाही आणि वर्षभरात तिथे पिवळा डाग. शाळेच्या गणवेशावर हायपोचे शिंतोडे, ते वाळून पांढरे.

मग ग्लेझिंग, म्हणजे फोटोला चकाकी आणणं. मोठी काच घासूनपुसून, टाल्कम पावडर फिरवून परत पुसायची, अगदी चरचर आवाज येईपर्यंत. ओले फोटो चित्राची बाजू खाली करून काचेवर लावायचे, रबरी रोलरने पाणी आणि हवा काढायची आणि काच भिंतीला टेकवून ठेवायची. दुपारी ते वाळले की आपोआप सुटायचे. टक्. मग आणखी एक टक्. जेवताना आतून आवाज यायला लागले की अण्णा म्हणायचे, "पाहुणे उतरले." जे फोटो सुटायचे नाहीत ते हवेच्या बुडबुड्याचे, त्यांना परत पाणी. हल्लीच्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदाला यातलं काही लागत नाही, दोन मिनिटं धुतला की झालं. उलटा_फोटो, सुरुवातीला तोच कागद वापर.

----

वाशी_पाम
७ मे, सकाळी १०:१२

कॉफीत रोल धुतात म्हणे, खरं का? की व्हॉट्सॲप?

----

परीक्षानळी
७ मे, सायंकाळी ५:१८

खरं आहे. लिटरला धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० अंशांना पंधरा मिनिटं. कॉफीतली फिनॉल गटातली संयुगं डेव्हलपरचं काम करतात. खायचा सोडा नाही, धुण्याचा. कॉफी स्वस्तातली घ्या, चांगली प्या. वास मात्र इतका घाण येतो की दोन दिवस कॉफी जाणार नाही. आणि फिक्सर लागतोच, त्याला स्वयंपाकघरात पर्याय नाही.

----

मोडक_बाजार
७ मे, रात्री ११:३०

मे महिन्यात रंगीतच धुवा की! त्याच्या डेव्हलपरला ३७.८ अंश लागतात, आपली गच्चीवरची टाकी जवळजवळ तिथे पोचलेली असते.

----

जुना_हायपो
८ मे, सकाळी ७:५०

पोचते, पण थांबत नाही. त्या औषधाला पाव अंशाचीही चूक चालत नाही, रंग फिरतात. आम्ही रंगीत रोल कधी घरात धुतलेच नाहीत, मुंबईला पाठवायचो. पुढे गल्लोगल्ली रंगीत लॅबची मशिनं आली आणि आमची जिन्याखालची खोली मालकांनी झेरॉक्सवाल्याला दिली. त्यानं आत ट्यूबलाइट लावली. मी बावीस वर्षांत त्या खोलीच्या भिंतींचा रंग कधी बघितला नव्हता. पोपटी होता.

----

उलटा_फोटो
२१ मे, रात्री १२:३०

अपडेट. रोल सुटला! १+३, २७ अंश, दहा मिनिटं. एसीत भरला. निगेटिव्ह छान आली. जुना_हायपो काका आणि कळव्याची_पोर, तुमच्या नावाने वडापाव खाल्ला.

आता नवं दुखणं. प्रिंट काढतोय, पण पांढरं पांढरं येत नाही. सदऱ्याचा पांढरा मळकट, आकाश मळकट, कागदाची कडा जिथे एन्लार्जरचा उजेड पडतच नाही तीसुद्धा किंचित करडी. कागद नवा आहे, बोरा बाजारातून आणला, सीलबंद. लाल दिवा म्हणजे झिरोचा लाल बल्ब, ट्रेपासून चार फुटांवर. तोच चोर का?

----

जुना_हायपो
२१ मे, सकाळी ६:४०

झिरोचा बल्ब नावालाच झिरो, आत चांगले पंधरा वॅट असायचे. वरचा लाल रंग पातळ असेल तर पांढरा उजेड झिरपतो. पण अंदाज नको, नाण्यांची परीक्षा करा.

आधी लाल दिवा बंद करून एन्लार्जरखाली कागदाला इतकाच उजेड दाखवा की धुतल्यावर अगदी हलका करडा येईल. हे करायचं कारण, कोरा कागद सुरुवातीचा थोडा उजेड गिळून टाकतो, दाखवत नाही. मग तो कागद ट्रेशेजारी ठेवा, वर चार नाणी मांडा, लाल दिवा लावा आणि पाच मिनिटं थांबा. धुवा. नाण्यांचे फिके गोल दिसले तर दिवा दोषी. नाही दिसले तर दिवा निर्दोष सुटला.

----

उलटा_फोटो
२२ मे, रात्री १:१५

केलं. गोल दिसले. चारही. रुपयाचा, दोनचा, पाचचा, दहाचा.

मग लाल दिवा बंद ठेवून तेच केलं, पूर्ण काळोखात. तरीही गोल दिसले!! जरा फिके, पण आहेत. बायको म्हणते भूत आहे.

----

कोपरीकर
२२ मे, सकाळी ८:०२

भुताला अठरा रुपये मिळाले, आता येणार नाही.

----

जुना_हायपो
२२ मे, सकाळी ८:४५

दार लावा, काही पेटवू नका, फोन बाहेर, हातातलं घड्याळ बाहेर. स्टुलावर बसा. पंधरा मिनिटं. पहिली पाच मिनिटं काही दिसणार नाही, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. दहाव्या मिनिटाला दाराची चौकट दिसायला लागली तर फट आहे. मला स्टुडिओत पहिल्या दिवशी हेच काम दिलं होतं. बस आणि भोकं मोज. मी अकरा मोजली. मालक म्हणाले चौदा आहेत, परत बस.

----

उलटा_फोटो
२३ मे, रात्री १२:५०

सापडलं!

बसलो. पाच मिनिटं ठार आंधळा. मग गिझर आहे असं वाटायला लागलं, दिसला नाही, वाटला. तेरा-चौदा मिनिटांनी माझा स्वतःचा पांढरा बनियन दिसला. फटी नाहीत, चौकट नाही, मग बनियन कशाने दिसतोय? वर बघितलं. छताचा एलईडी बल्ब. बंद केलेला. बंद असूनही धुगधुगत होता, राखेखालच्या निखाऱ्यासारखा, पण निळसर पांढरा.

लाल दिव्यात त्याचा पत्ताच लागत नव्हता. चार वर्षं त्या बाथरूममध्ये आंघोळ करतोय.

----

कळंबोली_वायरमन
२३ मे, सकाळी ७:३३

नेहमीची केस. दोन कारणं असतात. एक तर स्विचमध्ये छोटा इंडिकेटर आहे, त्यातून जरासा करंट बल्बला जात राहतो. किंवा वायरिंग करणाऱ्याने फेजऐवजी न्यूट्रल स्विचला दिलाय, बल्बकडे फेज कायम जिवंत. जुन्या पिवळ्या बल्बला एवढ्याशा करंटने काही व्हायचं नाही, एलईडीला पुरतो. दुसरं कारण असेल तर ते फोटोपेक्षा गंभीर आहे, स्विच बंद करून बल्ब बदलतानासुद्धा झटका बसू शकतो. ओळखीच्या वायरमनकडून टेस्टर लावून बघून घ्या. तोवर मेन स्विच पाडून बल्ब काढा.

----

कळव्याची_पोर
२३ मे, सकाळी ९:१०

अण्णा डार्करूममध्ये ट्यूबलाइट लावू द्यायचे नाहीत, ते याच जातीचं कारण. बंद केली तरी तिच्या आतली पावडर थोडा वेळ उजळत राहते. मी म्हणायचे अण्णांचा वहम आहे. आज अण्णांचा फोटो पुसून ठेवते.

----

परीक्षानळी
२४ मे, सायंकाळी ४:४५

अभिनंदन. आता एक कटकट करते. वापरलेला फिक्सर कुठे ओतताय? त्यात विरघळलेली चांदी आहे आणि ती पाण्यातल्या जिवाणूंना मारक आहे. आपलं सांडपाणी शेवटी खाडीतच जातं, फ्लेमिंगोंच्या ताटात. जुन्या बाटलीत साठवा, त्यात भांडी घासायचा लोखंडी काथ्या टाका. लोखंड विरघळत जातं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते.

----

जुना_हायपो
२४ मे, रात्री ८:२०

आमच्याकडे दर दोन महिन्यांनी हायपोचं पाणी न्यायला माणूस यायचा, कॅन घेऊन. त्याचे पैसे मालक वेगळ्या डब्यात टाकायचे, त्यातून दिवाळीला आम्हा पोरांना कपडे. निसर्गाचं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

----

तलावपाळी_फेरी
२५ मे, सकाळी १०:००

पावसाळ्यात निगेटिव्ह कशा टिकवायच्या यावरही कुणीतरी लिहा. माझ्याकडच्या वडिलांच्या वेळच्या निगेटिव्हवर बुरशीची नक्षी आलीय, काहींना व्हिनेगरसारखा वास येतोय.

----

कळव्याची_पोर
२५ मे, दुपारी १२:२७

वास येणाऱ्या आधी वेगळ्या काढा, आजच. तो फिल्मचा पायाच कुजतोय, ॲसिटेटचा. तोच वास शेजारच्या निगेटिव्हना लागला की त्याही कुजायला लागतात. बंद डब्यात अजिबात कोंडू नका. त्यांचे स्कॅन पहिले करून घ्या. बुरशीवाल्यांना पाणी लावू नका, बुरशीनं जिलेटिन खाल्लेलं असतं, पाण्यात चित्र सुटून येईल. बाकीच्या चांगल्या, त्या कागदी पाकिटांत घालून सिलिका जेलच्या डब्यात. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद भाजून परत वापरायचं, त्या तव्यावर पुन्हा पोळी नाही.

----

उलटा_फोटो
८ जून, रात्री १२:१०

बाहेर पहिला पाऊस. टाकीचं पाणी २८ वर आलं. वायरमन येऊन गेला, न्यूट्रलच होता स्विचला, बदलला.

आज आमच्या वॉचमनमामांची प्रिंट काढली, गेटजवळ खुर्चीत बसलेले. पहिली चाचणीची पट्टी पाच, दहा, पंधरा, वीस सेकंदांची. दहा बरोबर वाटले, पण टोपीची सावली चेहऱ्यावर पडून डोळे बुडत होते. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून तीन सेकंद चेहऱ्यावर हलवत धरली. दुसऱ्या प्रिंटला डोळे वर आले. आणि काका, पंधराव्या सेकंदाला आधी मिशी आली, भुवया नंतर. गणवेशाचं बटण पांढरं आलंय. पांढरं म्हणजे पांढरं.

मामांना उद्या देणार. फक्त प्रिंट वाळताना कोपरे वर वळतायत, काय करू?

----

जुना_हायपो
८ जून, सकाळी ६:१५

दोन जाड पुस्तकांत दाबून ठेवा. आणि सांगा, फिक्सरमध्ये किती वेळ होती? घाईघाईने काढली नाहीत ना?

----

उलटा_फोटो
८ जून, सकाळी ७:०२

तीन मिनिटं. जास्त ठेवणार होतो, पण बाहेरून दार वाजलं. आईला उठायचं असतं चारला, आणि तिच्या सहीशिवायचा तह आहे.